एडनाबाईंची उलटी पावलं

दर बुधवारी दुपारी दोन वाजता एडना थ्रेलफॉल उलट्या पावलांनी चालायला लागत आणि साडेचारला थांबत. मध्ये चहा. इंग्लंडात लँकशरच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात, नगरपालिकेच्या सभागृहात, चहानृत्याची, म्हणजे चहा पीत जोडीने नाचायची, ही दुपार एकेचाळीस वर्षं चालू होती. सगळ्या जोड्या एकाच वेळी तीच ठरलेली पावलं टाकत आणि एकाच दिशेने सभागृहाला वळसा घालत. पुरुष पुढे तोंड करून, बायका पाठमोऱ्या.

एडनाबाईंचा जोडीदार सिरिल पिकप, वय ब्याऐंशी. पुढे पाहण्याची जबाबदारी रीतीप्रमाणे त्याची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या बरोबर मध्ये एक राखाडी डाग येऊन बसला होता, हे फक्त एडनाबाईंना ठाऊक होतं. कोपरा जवळ आला की त्या त्याच्या दंडावर दोन बोटं दाबत. सभागृहाची लांब बाजू बत्तीस पावलांची आहे, हे पाठ असल्यावर डोळे कशाला हवेत?

ऑक्टोबरात नगरपालिकेने अभिप्रायाचा फॉर्म वाटला. बाकीच्यांनी ‘चहा पातळ’ एवढंच लिहिलं. एडनाबाईंना मात्र रकाना कोरा सोडवत नसे. ‘आणखी काही?’ यापुढे त्यांनी अभिमानाने लिहिलं: ‘एकेचाळीस वर्षं मी न बघता मागे चालते आहे. एकदाही कुणाला धडकले नाही.’

पुढच्याच बुधवारी सुरक्षा विभागाचे ऑग्डन आले.

“म्हणजे इथल्या निम्म्या व्यक्ती वर्दळीत न बघता मागे जातात?”

“बायका जातात,” नृत्यक्लबची सचिव बेरिल म्हणाली.

“याची नोंदवही?”

“कसली नोंद? कुणी धडकलंच नाही.”

“धडकलं नाही, याची.”

तशी वही नव्हती. ऑग्डननी लिंबाचा केक दोनदा घेतला आणि ते गेले. आठवड्याने पत्र आलं:

‘सभागृहातील लयबद्ध हालचालींबाबत परिशिष्ट ब. एक, सहभागींनी गतीच्या विरुद्ध दिशेस तोंड करू नये. दोन, जोडीतील मार्गदर्शक व्यक्तीने नेत्रतपासणीचा दाखला सादर करावा. तीन, प्रस्तुत परिशिष्टातील बाबी शिफारसवजा असून त्यांचा अवलंब सहभागींच्या दृष्टीने ऐच्छिक राहील. चार, चहाचे कप टेबलाच्या काठापासून दहा सेंटिमीटर आत ठेवावेत. पाच, टक्कर झाल्यास जोड्यांमधील अंतर योग्य त्या प्रमाणात वाढवावे.’

बेरिलने ते फलकावर लावलं. प्रत्येक जण पुढे झाला, पहिली ओळ वाचून “बापरे” म्हणाला आणि मागच्याला जागा करून दिली. तपशील बेरिलने तोंडी सांगितला.

दोघांनी एकाच दिशेला तोंड करायचं म्हटल्यावर जोड्या शेजारी शेजारी चालू लागल्या. जोडीची रुंदी दुप्पट झाली आणि एकेचाळीस वर्षांतली पहिली टक्कर झाली. नवीकोरी वही होतीच. तीत ती नोंदली गेली. टक्कर झाली म्हणून अंतर वाढलं. अंतर वाढल्यावर एका वेळी चारच जोड्या मावू लागल्या, बाकीच्यांनी रांग लावली. रांग लावायला मिळाल्यावर काही जण तर खूश झाले.

“दाखला?” बेरिलने सिरिलला विचारलं.

“घरी राहिला.”

“तीन बुधवार घरीच राहतोय.”

“घर आवडतं त्याला.”

“नियम आहे रे राजा,” बेरिल म्हणाली.

सिरिल चहाच्या टेबलाशी जाऊन बसला, काठापासून बराच आत. एडनाबाई त्याच्या शेजारी बसल्या. हे सगळं आपण भरलेल्या त्या रकान्यामुळे झालं, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

रांगेत उभं राहून गुडघे दुखायला लागले, म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्यांमुळे भिंतीलगतची वाट सोडली तर नाचायला जागा उरली नाही, म्हणून नाच बसून करायचं ठरलं. तीस माणसं वॉल्ट्झच्या सुरांवर टाचा हलवू लागली. जानेवारीत नगरपालिकेकडून प्रशस्तिपत्र आलं: महिनाभरात टकरी शून्य. परिशिष्टाआधीही त्या शून्यच होत्या, पण तेव्हा नोंदवलेल्या नव्हत्या.

“एडना, ते पत्र वाचून दाखव ना,” एका बुधवारी सिरिल म्हणाला.

“त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे.”

“मला नाही. मला फक्त सांगितलंय. पहिल्यापासून वाच, आणि गाळू नकोस काही.”

एडनाबाई फलकाशी गेल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. तिसऱ्या कलमाशी थांबल्या. पुन्हा वाचलं.

“ऐच्छिक म्हणजे?” सिरिलने विचारलं.

“म्हणजे ज्याला वाटेल त्याने.”

सिरिल उठला आणि आवाजाच्या दिशेने त्याने हात पुढे केला. एडनाबाईंनी तो धरला, सभागृहाकडे पाठ केली आणि भिंतीलगतच्या वाटेवर पहिलं पाऊल मागे टाकलं.

“अगं, प्रशस्तिपत्र जाईल आपलं,” बेरिल खुर्चीतून म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. खुर्ची कुणी सोडली नाही.

बत्तिसाव्या पावलाला सिरिलच्या दंडावर दोन बोटं दाबली गेली आणि तो वळला.

खुर्चीतल्या मंडळींना हसण्यात अर्थ नाही. पत्र वर जसंच्या तसं दिलेलं आहे. तिसरं कलम तुमच्याही नजरेखालून गेलं, आणि तुम्हीही पुढे होऊन मागच्याला जागा करून दिलीत.