न ढकलता माहेरी

पुनारामजी कापगते जीप घेऊन (म्हणजे ट्रॅक्टरमागे बांधून) गोंदियाला गेले ते फक्त कार्बोरेटर साफ करायला. परत आले ते अख्खं इंजिनच काढायला होकार देऊन.

"काका, ये इंजिन तो भगवान को प्यारा हो गया," चुन्नीलाल मिस्त्री म्हणाला. "मोटर-बॅटरी लगा देते हैं. साठ किलोमीटर की गॅरंटी."

पुनारामजींच्या डोळ्यांसमोर साठ नाही, फक्त चोवीस किलोमीटर आले. बायकोचं, म्हणजे कुंदाबाईंचं, माहेर घरापासून तेवढ्याच अंतरावर, अर्जुनी मोरगावच्या पलीकडे होतं.

जीप वडलांनी पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतलेली. पूर्वजांनी तलाव बांधले, तेव्हा खात्याची एखादी गाडी आपल्या दारी यावी हे त्यांना रास्तच वाटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी याच जीपमधून पुनारामजींनी स्वतः गाडी हाकत नवरी घरी आणली. वाटेत जीप तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा, तलावाच्या पाळीवर, वऱ्हाडी रुसून बसले, तेव्हा नवरीनंच शालू खोचला आणि मागून जीप ढकलली. त्याच दिवशी पुनारामजींनी तिला शब्द दिला होता, "एक दिवस तुले न ढकलता माहेरच्या अंगणात नेईन."

त्यानंतर दर दिवाळी सरली की माहेरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, कुंदाबाई ढकलतच गेल्या. सांगावंसुद्धा लागत नसे. आवाज थांबला की पदर खोचून खाली, दोन्ही हात जीपच्या पाठीला. आणि जीप चालू असली की इतकी आरडायची की नवराबायकोला चाळीस वर्षांत वाटेत एक शब्द बोलता आला नाही.

मंडईच्या दिवशी नवी जीप अंगणात उभी राहिली.

"हे चालू हाये का बंद?" कुंदाबाईंनी विचारलं.

"चालू हाये."

"मंग बोलत काऊन नाही?"

बॅटऱ्या पुढच्या सीटखाली होत्या. "मले करंट लागंल," म्हणून कुंदाबाई रबरी चप्पल घालून मागच्या बाकावर बसल्या. मांडीवर अनारशांचा डबा.

गावाला लागूनच असलेल्या तलावाच्या पाळीवर कवडूच्या म्हशी आडव्या आल्या. पुनारामजींनी जीप थांबवली, म्हशी गेल्या, जीप निघाली. साळीच्या बांध्यांतून वारा येत होता, जीप पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती, आणि पुनारामजींना एकदम भरून आलं.

"मोहितची माय," ते समोर बघत म्हणाले (मागे वळायला लाज वाटत होती), "वरातीच्या दिवशी तू ढकलत होती ना, तवा मी आरशात तुलेच पाहून राहिलो होतो. तेवढी सुंदर बाई मी कुठं पाहिली नाही. त्या इंजिनच्या आवाजात सांगता नाही आलं. अन् सॉरी बी राहूनच गेलं."

उत्तर आलं नाही. रडत असेल, असं त्यांना वाटलं. मग ते अठरा किलोमीटर बोलतच राहिले.

रेल्वे फाटकापाशी थांबले तेव्हा धीर करून वळले. बाकावर फक्त अनारशांचा डबा होता.

जीप उलटी पळाली. पाळीवर कवडू भेटला.

"काका, गाडी थांबली तशी काकी उतरून ढकलून राहिली होती. गाडी निंगून गेली, काकी तोंडावर पडता पडता वाचली. मंग यष्टीत बसून गेली."

"काही म्हणाली का?"

"म्हणाली. पण मले नाही सांगता येत."

येताना समोरून गेलेल्या यष्टीच्या खिडकीतून कोणीतरी हात नाचवत होतं खरं. पुनारामजींनी त्यांना नमस्कारही केला होता.

जीप पुन्हा वळली. चुन्नीलाल शब्दाचा पक्का निघाला. अठरा जाऊन, अठरा येऊन, पुढे चोवीस, असे मोजून साठ किलोमीटर झाले आणि बॅटरीनं सासरवाडीच्या वेशीवर मान टाकली.

वेशीच्या दगडावर कुंदाबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांचे भाऊ ईश्वरदास. जावयाला सोडून मंडईच्या दिवशी माहेरच्या घरात एकटी पाय कशी ठेवू, म्हणून त्या तासभर तिथंच अडून होत्या. जीप थांबलेली दिसताच त्या उठल्या, पदर खोचला आणि सवयीनं मागे गेल्या.

"खबरदार!" पुनारामजी ओरडले. "समोर बस."

"करंट लागंल ना जी."

"बॅटरी मेली हाये. आता काही नाही लागत."

स्टेअरिंग सालेसाहेबांनी, ईश्वरदासांनी, धरलं. कुंदाबाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या. पुनारामजींनी धोतर खोचलं आणि दोन्ही हात जीपच्या पाठीला लावले. मंडईत नाच-नाटक करणाऱ्या दंडारवाल्यांनी ढोलकी थांबवून रस्ता दिला.

"सारा रस्ता तुझ्याशीच बोललो," ते कसेबसे म्हणाले.

"मी तं पाळीवरच होती. का बोलले?"

"घरी... गेल्यावर..."

जीप अंगणात शिरली. शब्द पाळला गेला. आरशात कुंदाबाईंचे डोळे दिसत होते, ओले आणि हसरे.

"अजी, आरशात लई चांगले दिसून राहिले तुमी," त्या म्हणाल्या. "सांगा ना आता. इंजिनचा आवाज तं नाही."

इंजिनचा नव्हताच. पण पुनारामजींच्या धापांचा इतका होता, की पुढे ते काय म्हणाले ते याही खेपेला कुंदाबाईंना ऐकू आलं नाही.