घड्याळजींच्या छातीतले पांढरे पट्टे

बायको गेल्यावर बाविसाव्या दिवशी घड्याळजींना कळलं, की तिच्या कपाटाची किल्ली हरवली आहे. तोवर कपाट उघडायची वेळ आली नव्हती. खरं तर त्यांनी ती येऊ दिली नव्हती.

वेळ आणली सीटी स्कॅनने. खोकला जाईना, म्हणून फुप्फुसावर डाग आहे का ते डॉक्टरांना बघायचं होतं. मेव्हणा त्यांना घेऊन गेला. स्कॅन झाला, पण छातीत वरच्या बाजूला नुसते पांढरे पट्टे!

"काका, अंगात धातू आहे का?" स्कॅनवाल्या ताईंनी विचारलं.

"खांद्याजवळच्या हाडात पट्टी आहे. स्कूटरवरून पडलो होतो."

"तिच्यामुळेच हे पट्टे उमटतात. कॉम्प्युटरला धातू सांगितला की तो ते कमी करतो. स्टील आहे की टायटॅनियम?"

"ते हिला माहीत."

"मग त्यांना फोन लावा की."

"लागणार नाही तो," मेव्हणा म्हणाला.

ताई ओशाळल्या. त्यांनी अंदाजाने स्टील सांगून पाहिलं. पट्टे कमी झाले नाहीत, भलतीकडे सरकले. "काका, असे अंदाज नकोत, ऑपरेशनचा कागद आणा. उद्या पुन्हा करू."

कागद बायकोच्या फाइलमध्ये, फाइल कपाटात आणि कपाटाला कुलूप. दोघांनी डबे पालथे घातले, गाद्या उलटल्या.

"भाऊजी, आमची ताई किल्लीबद्दल काही बोलली होती?"

"दवाखान्यात म्हणाली होती, किल्ली तुमच्याजवळच आहे. पण तापात होती रे."

"आधी खिसे दाखवा!"

खिशांत घड्याळांचे अकरा स्क्रू निघाले आणि वर्षभर हरवलेलं भिंग. शेवटी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप तोडलं, तसं बिजागरीही तुटली आणि दार मेव्हण्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. फाइल वरच होती. वर बायकोच्या अक्षरात लिहिलेलं: 'यांच्या अंगातलं.' आत कागद. टायटॅनियम.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कॉम्प्युटरला टायटॅनियम सांगितलं. पट्टे होते तिथेच! ताई गोंधळल्या, लंगडणारा मेव्हणा गोंधळला. घड्याळजी तर कालपासून गोंधळलेलेच होते. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"या पट्टीला कडी कशी काय? आणि दाते?"

"नवीन प्रकारची असेल," मेव्हणा म्हणाला.

"काका, बनियन काढा बघू."

लोकरी बनियन. त्याला बटण नाही, हूक नाही, म्हणून ताईंनी थंडीचं दोन्ही दिवस अंगावर राहू दिलं होतं. खांद्याच्या आतल्या बाजूला चौकोनी कप्पा शिवलेला होता, चारही बाजू बंद. ताईंनी एक बाजू उसवली. आत कपाटाची किल्ली.

"आमच्या ताईला माहीत होतं," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही सगळं हरवता. हे बनियन तेवढं हरवत नाही."

किल्ली बाहेर ठेवून स्कॅन झाला. खऱ्या पट्टीचे पट्टे कॉम्प्युटरने निमूटपणे कमी केले. फुप्फुस स्वच्छ होतं.

घरी आल्यावर मेव्हण्याने किल्ली तुटक्या दाराशी धरली. "भाऊजी, आता हिचा काय उपयोग? टाकू?"

"दे इकडे."

घड्याळजींनी ती परत कप्प्यात ठेवली. मग सुईत दोरा ओवायला बसले. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस, पण दोरा काही ओवला गेला नाही.

तीन बाजू तिने शिवलेल्या तशाच आहेत. चौथी शिवायची राहिली आहे.