ठोकलेल्या गाडीचा मानपान

कराड तालुक्यातल्या ठोकून दुरुस्त झालेल्या सगळ्या गाड्यांनी मिळून विमा कंपनीवर दावा लावला होता, आणि त्याची तडजोड नेमकी डुबलांच्या केतकीच्या हळदीच्या दिवशी झाली.

दावा साधा होता. कंपनी पत्रा सरळ करून देते, रंग मारून देते. पण एकदा ठोकलेली गाडी बाजारात ठोकलेलीच म्हणवते आणि तिची किंमत उतरते ती उतरतेच. ही उतरलेली किंमत कोण भरून देणार? मालकांनी विचारून पाहिलं, तर त्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग गाड्या स्वतःच कोर्टाच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कंपनी नरमली. पैसे मात्र गाड्यांनी नाकारले. पेट्रोल मालक भरतो, पैसे घेऊन त्यांनी करायचं काय? शेवटी ठरलं की किंमत चार लोकांत गेली, तर ती चार लोकांतच मानपान करून परत द्यायची. गाडीचं समाधान होईपर्यंत ‘जैसे थे’, म्हणजे गाडी जागची हलणार नाही.

या शेवटच्या वाक्यानं केतकीचे वडील रंगनाथराव डुबल अडचणीत आले. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि केतकी घरच्या अशाच एका ठोकलेल्या गाडीतून वाईला सासरी जाणार होती. तसा तिचा हट्टच होता. आठवीपासून तिचं नेणं-आणणं या गाडीनं केलं. स्टेअरिंग ती हिच्यावरच शिकली, आणि शिकता शिकता उसाच्या ट्रॉलीत घुसली. गाडीचं तोंड पार चेपलं. पोरीला खरचटलंही नाही.

दुपारी कंपनीचे अधिकारी पाध्ये शाल-नारळ घेऊन मांडवात हजर झाले. माणूस सज्जन, पण दिवसभरात बऱ्याच गाड्या उरकायच्या होत्या. घाईत त्यांनी नारळ ठेवला तो फाटकाजवळच्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर. ती केतकीच्या मामाची, बाजीरावांची. नवी कोरी, अंगावर ओरखडा नाही.

झालं! डुबलांच्या गाडीनं चारही काचा वर घेतल्या. रुसली.

“अहो, थोरलीचा मान आधी, एवढंही कळू नये?” सिंधूआत्या कडाडल्या. त्या रंगनाथरावांच्या मोठ्या बहीण. मांडवातला सगळा मानपान त्यांच्याच हाती.

“चुकलं माझं,” पाध्ये घाम पुसत म्हणाले. “नारळ दुसरा आणतो.”

“कशाला?” बाजीराव हसत पुढे आले. “दाजी, त्या ठोकलेल्या गाडीच्या काय नाकदुऱ्या काढताय? माझी आहे की. नवरी नव्या गाडीत शोभंल.”

गाडीचे दोन्ही आरसे हळूच आत मिटले.

रंगनाथरावांनी मेव्हण्यापुढे उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता. बायकोच्या माहेरचा माणूस, म्हणून गिळत आले होते. आज मात्र त्यांचं डोकं सणकलं.

“बाजीराव, तोंड सांभाळा! तुमची भाची आज हळदीला बसलीय ती हिनं तोंडावर घेतलं म्हणून. ठोकलेली म्हणे! हिच्या जागी तुमची असती तर आधी स्वतःचा रंग सांभाळला असता!”

मिटलेले आरसे हळूहळू उघडले.

मग पाध्यांनी रीतसर शाल पांघरली, हळदकुंकू लावलं, नवा नारळ ठेवला आणि विचारलं, “समाधान झालं का?” एक हॉर्न म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं कोर्टात ठरलं होतं.

दोन हॉर्न वाजले.

“साडी हवी का?” दोन. “नवे टायर?” वायपर एकदा फिरला, म्हणजे विचार झाला, पण शेवटी दोनच.

“अगं बाई, मग हवंय तरी काय तुला?” आत्यांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हळदीनं माखलेली केतकी पाटावरून उठून आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला. “पाठराखीण म्हणून येतेस माझ्याबरोबर?”

एकच हॉर्न वाजला, चांगला लांबलचक.

नवरीबरोबर सासरी जाऊन राहायचा हा मान सिंधूआत्यांचा ठरला होता. त्यांची बॅगसुद्धा भरून तयार होती. त्यांनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. “जाऊ दे तिला,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे तरी कुठे धड आहेत!”

“किती दिवस राहील?” रंगनाथरावांनी पाध्यांना विचारलं.

“मुदत गाडीनं ठरवायची. तडजोडीत तसं कलम आहे.”

लेक जाणार हे त्यांनी महिनाभर मनाशी घोकलं होतं. गाडीचं घोकलं नव्हतं. त्यांना रडूच आलं. खिशातून किल्ली काढून त्यांनी ती केतकीच्या पिवळ्या हातात दिली.

लग्न छान झालं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, आणि बाजीरावांनी स्वतः तिला हार घातला. वाईला पोचवून रंगनाथराव आणि आत्या एसटीनं परतले. आत्यांनी न उघडलेली बॅग वाटभर मांडीवर धरली होती.

घरी येऊन चहा टाकतात न टाकतात तोच वाईहून व्याह्यांचा फोन आला. “पाव्हणं, तुमच्या पाठराखिणीचं काही पथ्यपाणी?”

रंगनाथरावांनी रिकाम्या पोर्चकडे पाहिलं. “फार नाही. थंडीत सकाळी घाई करू नका, जरा वेळ लागतो तिला. कुणी चढ्या आवाजात बोललं तर मनाला लावून घेते. आणि थकली तरी सांगायची नाही, तुम्हीच ओळखायचं.”

“हे गाडीचं सांगताय की सूनबाईंचं?”

रंगनाथरावांनी चहाखालचा गॅस बंद केला.

“दोघींचं,” ते म्हणाले.

“बरं,” व्याही म्हणाले. “मग सूनबाईंच्या मागोमाग तिलाही अंगणातून आत घेतो. इथं गारठा फार आहे.”