गवत ज्याचे त्याने कापावे

गवत कापायचा मॉवर सुरू झाला आणि ऑर्विनला घेऊन निघाला.

म्हणजे दांडा ऑर्विनच्याच हातात होता. हा मॉवर आपल्या चाकांवर आपण चालतो, माणसाने फक्त मागून रमतगमत जायचे. गेली तेहतीस वर्षे तसेच चालले होते. पण त्या मंगळवारी इंजिन सुरू होताच जे किंचाळू लागले, ते थांबेना. चाके इंजिनाच्या वेगाने फिरू लागली, आणि शहात्तर वर्षांचा ऑर्विन त्यांच्यामागे पळू लागला.

डावीकडे बर्निसचे गुलाब,

उजवीकडे टपालपेटी,

समोर झाड, वळ, वळ,

पुन्हा गुलाब, आता थोडे कमी,

पुन्हा

"अरे, सोड की ते," त्याची बायको बर्निस पायरीवरून ओरडली.

"सोडलं तर थेट पलीकडच्या आयोवा राज्यात जाऊन थांबेल."

"मग बंद कर."

बंद करता आला असता. पण रस्त्यापलीकडे शेजारी लायल कॉफीचा मग घेऊन उभा होता.

नॉर्डबी गावात कोणी कोणाला तोंडावर म्हातारा म्हणत नाही. ते उद्धटपणाचे. इथे शेजारी गुपचूप येऊन तुमचे गवत कापून जातो, आणि समजायचे ते तुम्ही समजता. मागच्या जुलैत गल्लीतल्या मिल्टनचे गवत असेच कापले गेले. ऑक्टोबरात त्याच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली. ऑर्विनला हे घर सोडायचे नव्हते. त्यामुळे तो पळत राहिला.

"आज जोरात आहात, ऑर्विन," लायल म्हणाला.

"पाय मोकळे करतोय जरा," ऑर्विन म्हणाला, पण तोवर तो लायलपासून इतका पुढे गेला होता की उत्तर टपालपेटीला मिळाले.

अर्धे गवत कापून झाल्यावर पेट्रोल संपले, म्हणून तो वाचला. दुपारपर्यंत गावातल्या कॅफेत बातमी पोचली होती: ऑर्विन धावतो. या वयात. गवत कापताना.

"शोभा झाली ना?" त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरत बर्निस म्हणाली.

"लोक कौतुक करतायत."

"गुडघा करत नाहीये."

बुधवारी त्याने मॉवर गॅरेजात घेतला. इंजिनावरचे पत्र्याचे झाकण काढले, तर आत उंदराचे घरटे. या इंजिनाची गंमत अशी की त्याचा लगाम हवेचा असतो. आतला पंखा वारा घालतो, वाऱ्याने एक पातळ पाते हलते, आणि पाते हलले की पेट्रोल कमी होऊन वेग आवरतो. ते पातेच घरट्यात रुतून बसले होते. ऑर्विनने घरटे उपटले, पाते बोटाने हलवून पाहिले आणि झाकण न लावताच इंजिन सुरू केले. आत काय चालले आहे ते दिसायला नको?

इंजिन कालच्यापेक्षा मोठ्याने किंचाळले. शेल्फवरचा रंगाचा डबा थरथरत कडेला आला आणि खाली पडला.

"उंदीर निर्दोष होता," ऑर्विन म्हणाला. मग त्याने स्प्रिंग ओढून पाहिली, सैल करून पाहिली, उलटी लावून पाहिली, होती तशी परत लावली. दर वेळी तो नीट वाकून बघायचा, आणि दर वेळी इंजिन बेभान व्हायचे.

संध्याकाळी बर्निस दारात आली. "ते झाकण लाव आधी."

"झाकणाचा काय संबंध?"

"इंजिनाशी मला काही देणंघेणं नाही. माझ्या चादरी वाळतायत बाहेर, सगळा धूर त्यांच्यावर."

चादरींसाठी त्याने झाकण लावले. इंजिन सुरू केले. ते तृप्त मांजरासारखे गुरगुरू लागले. झाकणच नसेल तर वारा पात्यापर्यंत जाणार कसा, हे ऑर्विनच्या लक्षात आले. पण ते बर्निसच्या लक्षात यायचे काही कारण नव्हते.

"स्प्रिंगच होती," तो म्हणाला.

"असेल," बर्निस म्हणाली आणि चादरी काढायला गेली.

गुरुवारी उरलेले अर्धे गवत. मॉवर कसा शहाण्यासारखा चालला होता. ऑर्विन मागून डुलत डुलत. झाडापाशी थांबून त्याने एक पक्षीसुद्धा पाहिला. चार फेऱ्या झाल्यावर कॉफी प्यायला तो आत गेला, कॉफीबरोबर लिंबाची वडी आली, वडीनंतर खुर्ची मऊ लागली, आणि

जाग आली ती मॉवरच्या आवाजाने. स्वतःच्या मॉवरच्या नव्हे.

लायल शेवटची फेरी मारत होता. गवतावर सरळ पट्टे, फूटपट्टीने आखल्यासारखे. पायरीवर वाफाळता हॉटडिश: भांड्यातच भाजलेला, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे रचलेला. नॉर्डबीत असे भांडे दोनच प्रसंगी दारात येते: दुखणे आणि मयत.

"मंगळवारी कसे पळत होतात," लायल हळू आवाजात म्हणाला. "आज बघितलं, पाय उचलत नव्हता. मग आत गेलात ते दोन तास बाहेरच नाही. तुम्ही आराम करा. मला काय, पाच मिनिटांचं काम."

"मॉवर दुरुस्त झाला म्हणून हळू चालत होतो."

"हो, हो," लायल म्हणाला, आणि त्याने ऑर्विनच्या खांद्यावर हात ठेवला.

रात्री ऑर्विन आणि बर्निसने हॉटडिश खाल्ला. चांगला झाला होता, हे आणखी वाईट.

"रिकामं भांडं परत देता येणार नाही," बर्निस म्हणाली.

"नाहीच देणार."

शनिवारी लायल आणि त्याची बायको तळ्यावर मासे धरायला गेले. त्यांची गाडी वळणाआड जाताच ऑर्विनने मॉवर रस्त्यापलीकडे नेला आणि लायलच्या घरासमोरचे गवत कापायला घेतले. भर दिवसा, रमतगमत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबून हात केला. कोणी विचारले तर एवढेच म्हणाला, "लायलचं ना... बघू आता." बर्निसने त्याच भांड्यात नूडल्सचा हॉटडिश भरून लायलच्या पायरीवर ठेवला.

सोमवारी लायल कॅफेत आला तेव्हा बोलणे थांबले. रविवारी रात्रीपर्यंत त्याच्या पायरीवर आणखी तीन भांडी आली होती. एकाने उठून त्याला भिंतीकडेची गादीची खुर्ची दिली.

"मला काही झालेलं नाहीये," लायल म्हणाला. "अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मिल्टनच्या वेळी डोलावल्या होत्या तशाच.

"बस रे, उभा नको राहूस," ऑर्विन त्याच्यासाठी कॉफी ओतत म्हणाला. "आणि गवताची काळजी करू नकोस. मी आहे."