ठी दे तठे

उखाआप्पा कुणाच्या हातातून काही घेत नसे. चहाचा कप पुढे करा, विडी पुढे करा, मारुतीच्या देवळातला प्रसाद पुढे करा, तो हनुवटीनंच समोरचा बाक नाहीतर जमीन दाखवायचा आणि म्हणायचा, "ठी दे तठे." म्हणजे, ठेव तिथे. आपण ठेवायचं, आपली पाठ वळायची, मग वस्तू नाहीशी व्हायची.

हा माज आहे असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. त्या मताला पुष्टी द्यायला त्याचा पोशाख होताच. खाली धोतर, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी काळा कोट. नंदुरबारच्या मे महिन्यात घरातली भांडीसुद्धा हाताला चटके देतात, तेव्हाही हा कोट अंगावर. उजवा हात कायम कोटाच्या खिशात, एखाद्या संस्थानाचा दिवाण फोटोला उभा राहावा तसा. डाव्या कोपरात एक टोपली, तिच्यात भाजलेल्या शेंगा आणि गूळ. नमस्कार केला तर उत्तरादाखल मान हलायची. दोन हात जोडण्याइतकं महत्त्व त्यानं जिल्ह्यात कुणाला दिलेलं मी पाहिलं नाही.

आता हा माणूस माझ्या वाट्याला कसा आला ते सांगतो. एकोणीसशे पन्नासचं दशक संपता संपता मी नंदुरबारच्या एका नव्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. इमारत अर्धी बांधलेली होती आणि उरलेली अर्धी देणगीदारांच्या भाषणांत उभी होती. खेळाचा मास्तर नेमायला पैसे नव्हते, म्हणून प्राचार्यांनी ते खातं माझ्या गळ्यात घातलं. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही अंगानं सडपातळ आहात."

मैदानाच्या शेजारी मिरची वाळत घालायची पथारी होती. वारा तिकडून सुटला की आमचे धावपटू पळता पळता शिंकायचे. अशा चार शिंकणाऱ्यांचा मिळून रिलेचा संघ झाला. मोहनलाल हा कापड दुकानदाराचा मुलगा. त्याचा सगळा जीव केसांच्या भांगात. जगन तापीकाठच्या गुजर पाटलांचा. घरच्या केळीवर पोसलेला, वजनदार. लोटन रनाळ्याचा, आणि रूपसिंग पावरा तोरणमाळच्या बाजूचा. डोंगरातला पोरगा म्हणजे वाऱ्यासारखा पळणार असं प्राचार्यांनी परस्पर ठरवून त्याला शेवटच्या टप्प्यावर ठेवलं. रूपसिंग चौघांत सगळ्यांत हळू. मी एकदा त्याला त्याबद्दल विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, आमच्याकडे चढ आहे. चढावर पळत नाहीत, चालतात."

लोटनबरोबर एक दिवस उखाआप्पा मैदानावर आला. दोघं एकाच गल्लीतले. त्या दिवसापासून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं रनाळ्याहून येणं आणि उन्हं तापल्यावर परतणं हा त्याचा धंदाच झाला. शेती भाऊ बघायचा, बायकोपोरं नव्हती. त्यामुळे आमच्या संघाचं वाटोळं करायला त्याला भरपूर वेळ होता.

तो स्वतः कधी पळाला नव्हता. पण खेळाच्या बाबतीत अज्ञान ही आपल्याकडे अडचण कधीच नसते, हे मी स्वतःच्या नेमणुकीवरून जाणत होतो. मैदानाच्या कडेला उभा राहून तो गरजायचा, "पय रे भो, पय!" खानदेशात पयनं म्हणजे धावणं. एवढाच त्याचा उपदेश असता तर बिघडलं नसतं. पण त्याचा खरा जोर दांडीवर होता. रिलेतली ती लाकडी दांडी एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायची असते, आणि ती कशी द्यायची याबद्दल उखाआप्पाचं एक पक्कं शास्त्र होतं.

मी विद्यापीठाकडून एक सचित्र पुस्तक मागवलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्यानं दांडी उजव्या हातात धरावी, दुसऱ्यानं डाव्या हातात घ्यावी, तिसऱ्यानं पुन्हा उजव्यात आणि चौथ्यानं डाव्यात. म्हणजे देणारा घेणाऱ्याच्या बाजूला राहतो, पायात पाय येत नाहीत. हे मी मुलांना चित्रासकट समजावलं. उखाआप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"डावा हाते लेतस का कोनी? लक्ष्मी डावा हाते लेतस?"

"आप्पा, ही लक्ष्मी नाही. लाकडाची दांडी आहे."

"दांडी काय न् लक्ष्मी काय. देवानी चीज शे ना? डावा हाते दिधं ते कोनी लेस नहीं, मास्तर. पोर तसाच उभा ऱ्हाई जाई."

द्यायची वस्तू डाव्या हातानं दिली तर कुणी घेत नाही, पोरगा तसाच उभा राहील! मी प्राध्यापक होतो, तो मला मास्तर म्हणायचा, आणि विद्यापीठाचं पुस्तक त्यानं शेंगा वाळत घालायच्या लायकीचं ठरवलं होतं. मुलं कुणाचं ऐकणार? माझ्याकडे चित्रं होती, त्याच्याकडे गूळ. चौघंही उजव्या हातानं देऊ-घेऊ लागले. त्यात घरोघरी आयांनी लहानपणी डाव्या हातावर चापट्या मारलेल्या, त्यामुळे सगळ्यांना ते सोपंही गेलं.

गॅदरिंगला प्राचार्यांच्या डोक्यात आलं की गावातल्या क्रीडाप्रेमींचा सत्कार करावा. गावात क्रीडाप्रेमी एकच, तोही रनाळ्याचा. प्रमुख पाहुणे नारळ घेऊन उखाआप्पासमोर उभे राहिले. टाळ्या वाजल्या. उखाआप्पानं हनुवटीनं टेबल दाखवलं. "ठी दे तठे." पाहुण्यांना वाटलं ही काहीतरी स्थानिक प्रथा असेल. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि बिचाऱ्यांनी नारळालाच नमस्कार केला. प्राचार्यांनी ते मला महिनाभर ऐकवलं, जणू आप्पाला जन्म मीच दिला होता.

मग धुळ्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या. आम्ही एस.टी.नं निघालो, अर्थात उखाआप्पासह. कंडक्टरनं तिकीट पुढे केलं. "ठी दे तठे." कंडक्टरनं तिकीट आप्पाच्या मांडीवर ठेवलं, दोंडाईच्याच्या अलीकडे वारा आला आणि तिकीट खिडकीबाहेर गेलं. पुढे तपासनीस चढला. त्यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला ते मला माहीत. दुपारी मुलं पंगतीला बसली तर हा आपली भाकर घेऊन लांब, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. हे सोवळं कुठून आलं, असं मी मनाशी म्हटलं. माजाच्या यादीत आणखी एक कलम चढलं.

रिले सुरू झाली. मोहनलालनं जगनला दांडी दिली, ती कशीबशी पोचली. जगननं लोटनला दिली. लोटन खरोखर चांगला पळत होता. पुढे रूपसिंग उजवा हात मागे करून निघालेला, आणि लोटनचाही दांडीचा हात उजवाच. उजव्याला उजवा भिडवायचा तर देणाऱ्याला घेणाऱ्याच्या नेमकं पाठीमागेच यावं लागतं. लोटनचा पाय रूपसिंगच्या टाचेवर पडला आणि दोघेही चुन्याच्या रेघांवर आडवे झाले. दांडी घरंगळत प्रेक्षकांत गेली. प्रेक्षक हसायला लागले. खरं सांगायचं तर मीही हसत होतो. माझं पुस्तक जिंकलं होतं.

तेवढ्यात दोराखालून काळा कोट आत घुसला. टोपली कुठे पडली, शेंगा कुठे सांडल्या, कशाकडे लक्ष नाही. "लागनं का रे भो? लागनं का?" करत उखाआप्पा रूपसिंगजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याला उठवायला त्यानं दोन्ही हात घातले. दोन्ही. उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याला बोटं नव्हती. मनगटाच्या पुढे नुसता एक आकसलेला गोळा होता.

रूपसिंग उभा राहिला. मैदानावरचं हसू थांबलं होतं. उखाआप्पाला ते जरा उशिरा कळलं. मग त्यानं हात खिशात घातला आणि खाली मान घालून शेंगा गोळा करायला गेला.

परतीच्या गाडीत आप्पा पुढे ड्रायव्हरच्या मागे बसला होता. मागच्या बाकावर लोटन मला हळू आवाजात सांगत होता. "जिनिंगच्या यंत्रात गेला, सर, हात. कापूस लोटताना. आप्पा तेव्हा आमच्याएवढाच होता."

"मग डाव्या हाताचं एवढं वावडं का? त्याचा तर डावाच उरलाय."

लोटन माझ्याकडे आणखी सरकला. मग म्हणाला, "सर, आमच्याकडे डाव्या हातानं दिलेलं कोणी घेतं का? आप्पाच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्या पोरीला आप्पानं खांद्यावर खेळवलेलं. हळदीला आप्पा पुढे गेला तर बायकांनी अडवलं. मग लुगडं घेऊन गेला, डाव्या हातात धरून. उभाच राहिला, सर. पोरीनं हात पुढे केला होता, पण तिच्या मामीनं तो धरला आणि आप्पाला म्हणाली, 'ठी दे तठे.'"

मी पुढे पाहिलं. काळ्या कोटाची पाठ एस.टी.च्या हिसक्यांबरोबर हलत होती.

"सगळे तसंच म्हणतात," लोटन म्हणाला. "दुकानदार, पुजारी. म्हणून आता आप्पाच आधी म्हणून टाकतो."

प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला. अजून एक वर्ष. पुन्हा असा तमाशा झाला तर रिले बंद, मैदान मिरचीवाल्यांना भाड्यानं. आणि तो रनाळ्याचा दिवाण मैदानात दिसता कामा नये. रिले बंद झाली असती तर माझं काहीच गेलं नसतं, उलट सकाळची झोप मिळाली असती. पण भिंतीकडे तोंड करून एकटं जेवणाऱ्या माणसाला जायला दुसरी जागा नव्हती, एवढं मला आता कळत होतं.

पुढच्या हंगामात आप्पा मैदानात आला नाही. रस्त्यापलीकडच्या निंबाखाली टोपली घेऊन बसायचा. मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं, "आप्पा, यंदा पोरं डाव्या हातानं घेणार. पुस्तकाप्रमाणे."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डावा हाते दिधं ते कोनी लेस नहीं, मास्तर."

हे वाक्य मी वर्षापूर्वी ऐकलं होतं आणि त्याला अडाणीपणा म्हटलं होतं. यावेळी मी "धुळ्याला या," एवढंच म्हणालो, आणि तिकीट मीच सांभाळेन हेही सांगितलं.

तो आला. दोराला लागून उभा राहिला. यंदा "पय रे भो" नाही की काही नाही. दांडी बदलायची वेळ आली की मान फिरवायचा. मोहनलालचा उजवा, जगनचा डावा. जगननं डाव्या हातानं दिली, लोटननं घेतली. लोटननं दिली, रूपसिंगनं डाव्या हातात घेतली आणि आपल्या संथ चालीनं जमेल तेवढं पळाला. तिसरा नंबर. पाच संघांत तिसरा नंबर काही वाजतगाजत मिरवावा असा नव्हे. पण तमाशा झाला नव्हता, आणि मिरचीवाल्यांना आणखी एक वर्ष थांबणं भाग होतं.

रूपसिंग रेघ ओलांडून थांबलाच नाही. धापा टाकत सरळ दोरापाशी आला आणि डाव्या हातातली दांडी त्यानं डाव्याच हातानं आप्पासमोर धरली.

आप्पानं हनुवटी हलवली. "ठी दे तठे."

रूपसिंगनं ठेवली नाही. हात पुढे करून तसाच उभा राहिला. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला तरी हात मागे घेईना. आप्पानं माझ्याकडे पाहिलं, मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मग त्यानं टोपली खाली ठेवली आणि डावा हात पुढे करून दांडी घेतली.

ती दांडी आयोजकांची होती. पांढऱ्या टोपीचा एक घाईतला माणूस गोळा करत आमच्यापर्यंत आला आणि त्यानं हात पुढे केला. आप्पा क्षणभर अडला. देण्यापुरता त्याच्याकडे तोच एक हात होता. त्यानं डाव्या हातानं दांडी दिली. त्या माणसानं ती घेतली, काखेत मारली आणि पुढच्या शर्यतीची नावं पुकारत निघून गेला. त्यानं आप्पाच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

आप्पा बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होता.

"लिधी, मास्तर," तो म्हणाला. "लिधी ना त्यानी."

"घेणारच. त्यांचीच होती," मी म्हणालो. मी टोपलीतल्या शेंगांकडे पाहत आप्पापुढे हात पसरला आणि म्हटलं, "द्या, आप्पा."