शारजाहून आलेला डबा

गाडीतलं मला कळतं. ही बढाई नव्हे. बढाई मारायला माझ्याकडे दुसऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत! पण अख्ख्या नेरे गावात फोर बाय फोर ट्रक कोणाकडे आहे? माझ्याकडे. ट्रान्सफर केसवरचे एक्केचाळीस व्हिडिओ कोणी पाहिलेत? मीच. त्यातले सात तर रशियन भाषेत होते. कळलं काही नाही, पण शेवटपर्यंत पाहिले!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा लोखंडी डबा. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेचं काम तो करतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना किती वाढायची आणि पुढच्यांच्या पानात किती टाकायची, ते त्याच्या हातात. माझ्या ट्रकचा हा डबा ऐन माघात फुटला आणि होळी महिन्यावर आलेली.

आता होळीचा इथे काय संबंध? अहो, सगळा संबंध होळीशीच! डोंगराखालच्या आमच्या माळावरून होळीचं झाड गावात आणायचा मान आमच्या घराचा. आजोबांनी आणलं, बाबांनी आणलं, आता मी ट्रकवर घालून आणतो. वाटेत ओढा लागतो. फाल्गुनात त्यात पाणी नसतं, पण वाळू अशी भुसभुशीत की चारही चाकं चालल्याशिवाय निभाव नाही. आणि माझा चुलतभाऊ जगन नवा ट्रॅक्टर घेऊन दोन वर्षं टपून बसलेला. भेटला की विचारायचा, "काय दादा, यंदा झेपंल ना? नायतर आमी हायेच!"

मी पनवेलला अब्दुल्लाभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांनी कोपऱ्यातून एक जुना डबा ओढून काढला. त्यावर ग्रीसचा थर एवढा की वर भाजी लावता आली असती.

"हा घे. आपल्याच गाडीचा आहे. डोळे मिटून बसवतो."

"रेशो काय याचा? ताकद किती पटीने वाढते?"

"पुरेसा आहे. ओढा पार होईल तुझा."

पुरेसा! एक्केचाळीस व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला हा शब्द? "भाई, मला एकास चारचा पाहिजे. शारजाच्या भंगार बाजारात मिळतो. तुमचा पुतण्या तिथेच असतो ना? अदीब रमजानला घरी येतोय, तोच घेऊन येईल."

"आणेल रे. पण तोंड बघून घे. पुढच्या चाकांचा शाफ्ट कुठल्या बाजूनं निघतो, ते बघून घे."

"भाई, माझं सगळं पाहून झालंय!"

घरी येऊन मी चारुताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, डोळा मारून सांगितलं, "शारजाहून अशी वस्तू येतेय की गाव बघत राहील!" एवढंच सांगितलं. पुढचं तिचं तिने ठरवलं. कामोठ्याच्या बहिणीला फोन केला, सोन्याच्या हाराला शोभेल असा ब्लाऊज शिवायला टाकला आणि आठवडाभर माझ्या भाजीत मीठ अगदी बेताचं पडलं!

बिचारा अदीब! विमानात सामान चाळीस किलो चालतं आणि डबा निघाला अडतीस किलोचा. आईसाठी घेतलेली अत्तरं, बहिणीची चॉकलेटं, सगळ्यांचा खजूर तिकडेच ठेवून पोरगा दोन किलो कपड्यांनिशी घरी आला. त्याची आई म्हणे दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. माझ्या घरी डब्यावरची चादर निघाली, तेव्हा चारुता नवा ब्लाऊज घालून समोर उभी होती.

"हे काय?"

"एकास चार!" मी अभिमानाने म्हणालो.

"मला एक तरी आणायचा होता!" ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी अब्दुल्लाभाई ट्रकखाली शिरले. मग बाहेर आले, हात पुसले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"कुंदन, रोजा आहे म्हणून गप्प आहे."

"झालं काय?"

"तुझ्या पुढच्या चाकांचा जोड उजवीकडे. ह्या डब्याचं तोंड डावीकडे. शाफ्ट काय इंजिनाला प्रदक्षिणा घालून जाईल?"

"मग तो तुमचा जुनाच बसवा!"

"तो काल गव्हाणचा माणूस घेऊन गेला."

होळी तर परवावर आलेली! शेवटी शारजाचाच डबा बसवला. ट्रक चालेल, पण फक्त मागच्या दोन चाकांवर. "कोणाला सांगू नकोस," भाई म्हणाले. मी कशाला सांगतोय? उलट गावभर सांगितलं की यंदा डबा इंपोर्टेड आहे! ट्रकला हार घातला, नारळ फोडला.

होळीच्या दिवशी साठ-सत्तर माणसं जमली. झाड ट्रकवर चढलं, मी ऐटीत निघालो आणि बरोब्बर ओढ्याच्या मधोमध मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. वाळू उडाली आणि ट्रक बसला. मी गिअरचा दांडा पुढे ढकलला, मागे ओढला. पुढची चाकं पाहुण्यासारखी गप्प! तेवढ्यात पलीकडून जगनचा ट्रॅक्टर आला. मुद्दामच थांबला होता मेला.

"लावू का साखळी, दादा?"

गावचे जाणते काशिरामतात्या पुढे झाले. "आदी नीट आयका. झाड ज्याच्या गाडीवर चढलं, त्याच्याच गाडीवरून उतरतंय. पन ट्रॅक्टरनं वढलं, त मान ट्रॅक्टरवाल्याचा. नेम हाय त्यो."

खरं सांगतो, रडू येत होतं. तीन पिढ्यांचा मान वाळूत रुतलेला आणि त्याच्या स्टिअरिंगवर मी! खाली उतरलो आणि म्हणालो, "तात्या, पुढची चाकं चालतच नाहीत. डबा चुकीचा आणलाय. मीच निवडलाय तो."

मग असा हशा पिकला की काठच्या झाडांवरचे कावळे उडाले.

हसली नाही ती एकटी चारुता. तिने पदर खोचला. "तात्या, आणि माणसांनी ओढलं तर?"

तात्यांनी डोकं खाजवलं. "मानसांनी वढलं, त मान जिथला तिथंच."

तिने सरळ झाड बांधायला आणलेला दोर उचलला. हार मिळाला नव्हता, तरी उचलला! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिच्यामागे बाया आल्या, बाप्ये आले, शेवटी जगनही खाली उतरला. "वढा रं!" सगळ्यात मोठी आरोळी त्याचीच. झाडासकट ट्रक ओढ्यातून निघाला. पण लोकांना एवढी गंमत आली की कोणी दोर सोडेचना! गावापर्यंत ओढतच नेलं. मी आत बसून नुसता हॉर्न वाजवत होतो.

संध्याकाळी होळी पेटली. पुरणपोळी खाऊन मी तात्यांच्या पाया पडलो. "तात्या, पुढच्या वर्षी चारही चाकं चालतील, शब्द देतो!"

"नको रं बाबा," तात्या घाबरून म्हणाले. "लई वर्सांनी गाव असं एका दोराला लागलं. गाडी हीच आन. फकस्त तेवडं इंजिन काडून आन, वढायला हलकी पडंल!"