ब्रिटनीच्या शेवाळासाठी डोंगरावर

इंगुन त्वेइतानचा बेत इतका चोख होता की त्यात खोट काढायला बसला असता तर परमेश्वरही कंटाळून उठला असता!

अर्ज भरून तयार. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेनं तिच्यासाठी टेबल राखून ठेवलेलं. मात्र ते याच उन्हाळ्यापुरतं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं. विद्यापीठाच्या परदेश-संशोधन निधीतून खर्च निघाला की इंगुन निघाली! राहिली होती फक्त प्राध्यापक ब्रेक्केंची शिफारस.

"सरांची सही म्हणजे घरची सही," वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणीला ती म्हणाली.

"विचारलंस त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? सांगितलंय."

सांगितलं होतं ते असं. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत सकाळच्या कॉफीला इंगुन म्हणाली, "सर, तो फ्रान्सचा अर्ज ईस्टरनंतरच्या मंगळवारी दुपारपर्यंत द्यायचाय." सर म्हणाले, "ह्म." आणि त्यांनी बिस्किटाला हात घातला. नॉर्वेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर एवढं बोलणं म्हणजे भरगच्च चर्चा झाली! तीच गोष्ट दुसऱ्यांदा काढणारा माणूस तिथं लोचट ठरतो आणि तिसऱ्यांदा काढणारा बहुधा स्वीडनचा.

इंगुन होती बेटावरची. तिचा बाप समुद्रशेवाळ मेंढ्यांना घालायचा. लेक शेवाळावर प्रबंध लिहितेय म्हटल्यावर तो फक्त इतकंच म्हणाला होता, "मेंढ्यांना विचार, त्यांना जास्त ठाऊक." पण ब्रिटनीला ओहोटी लागली की समुद्र मैलभर मागं सरतो आणि तळाचं शेवाळ उघडं पडतं, हे वाचल्यापासून पोरीला झोप नव्हती. तिला ते एकदा हातात घेऊन बघायचं होतं. बस्स.

बुधवारी दुपारी ती सही घ्यायला सरांच्या खोलीवर गेली. दाराला कुलूप, आणि दारावर चिठ्ठी: 'डोंगरावर.'

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. ईस्टर आला की सगळा देश संत्री आणि रहस्यकथा पाठीवर बांधून डोंगरावरच्या लाकडी घरांत जाऊन बसायचा. त्या घरांना ना वीज, ना नळ, ना फोन, आणि याचंच लोकांना कोण कौतुक! त्या आठवड्यात एखाद्या शत्रूनं देश जिंकला असता, तरी शरणागतीवर सही करायला त्याला माणूस मिळाला नसता.

इंगुन काय डगमगते! तिनं अर्जाची फाइल मेणकापडात गुंडाळली, पाठपिशवीत घातली, स्की खांद्यावर टाकल्या आणि शुक्रवारी गाडीनं फिन्सेच्या डोंगरी स्टेशनावर उतरून बर्फावरून थेट सरांच्या घरासमोर हजर झाली.

ब्रेक्के सर भिंतीला टेकून उन्हात बसले होते. तोंड सूर्याकडे, मांडीवर रहस्यकथा, हातात सोललेलं संत्रं. त्यांनी एक डोळा उघडला.

"अगं, इंगुन! बस. ऊन छान आहे."

डोळा मिटला.

आता डोंगरावरच्या घरी आलेल्याला 'कशी काय आलीस?' असं तिथं कुणी विचारत नाही. विचारलं तर 'कशाला आलीस?' असा अर्थ निघतो. आणि आलेल्यानंही आल्या आल्या कामाचं बोलायचं नसतं. म्हणजे यजमान विचारत नाही, पाहुणा सांगत नाही, आणि दोघंही उन्हात बसून एकमेकांच्या सभ्यपणावर खूश!

सरांच्या पत्नी ओस्लाउगबाई दारात आल्या. "आली का पोरगी? भुकेली दिसतेस. वॅफल टाकते." दोन मिनिटांत आतून लोणी, वेलची आणि चुलीशी वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा मिळून वास आला. इंगुनबाई आज सत्तरी ओलांडून बसल्यात, तरी म्हणतात, तो वास कुठं बाटलीत भरून मिळाला तर हवे तेवढे पैसे मोजीन.

रात्रीच्या जेवणाला तिनं धीर केला. "सर, आपल्या प्रयोगशाळेत—"

"भांडी!" नवरा-बायको एका सुरात ओरडले.

घराचा कायदा होता तो. डोंगरावर जो कामाचं नाव काढील, त्यानं भांडी घासायची. इंगुननं बाहेरून बर्फ आणलं, चुलीवर वितळवलं आणि भांडी घासली.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "निधीची समिती म्हणते—"

"भांडी!"

दुपारी नुसतं "ब्रिटनी" म्हणून पाहिलं. भूगोल तरी चालेल असं तिला वाटलं होतं.

"भांडी!" सर आनंदानं म्हणाले.

इंगुन अंगणात कढई खरवडत होती, तेव्हा आत ओस्लाउगबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हालवर, ही पोरगी कामानं पिचलीय रे. बघ ना, तोंडातून दुसरा शब्द नाही. रडवेली दिसते. तूच राबवलं असशील."

"मी? मी तर काहीच सांगत नाही तिला!"

"मग आता सांग काहीतरी. धीराचं बोल."

झालं! रविवारी सर तिला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला घेऊन गेले. बर्फाला भोक पाडलं, गळ सोडला, दोघं भोकाकडे बघत बसले. बराच वेळ माशांनीही काही विचारलं नाही. मग सरांनी घसा खाकरला.

"इंगुन, सगळ्यांनी सगळीकडे जायलाच पाहिजे, असं नसतं गं."

इंगुननं भोकावरची नजर उचलून सरांकडे पाहिलं.

"घरीही पुष्कळ शेवाळ आहे," सर पुढं म्हणाले. त्यांनी आयुष्यात कुणाला इतका धीर दिला नव्हता! "एखादा उन्हाळा माणसानं नुसतं बसावं."

म्हणजे नकार! सर शिफारस देणार नाहीत! तो मैलभर मागं हटलेला समुद्र तिच्या डोळ्यांदेखत परत आला आणि राखून ठेवलेल्या टेबलावरून वाहून गेला. तिनं नाक पुसलं.

"काय झालं?"

"काही नाही सर. ऊन लागलं डोळ्याला."

"ऊन छान आहे," सर समाधानानं म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "मोकळी झाली पोरगी. रडली जराशी."

सोमवारी सकाळी इंगुननं न बोलता पिशवी बांधली. ओस्लाउगबाईंनी वाटेसाठी वॅफल गुंडाळून दिली, संत्रं दिलं, गालावर थोपटलं. त्या थोपटण्यानं बांध फुटला.

"भांडी मीच घासते!" इंगुन ओरडली. "आत्ताची घासते, पुढच्या ईस्टरची घासते, तुमच्या नातवंडांच्या लग्नातली घासते! पण सर, एवढंच सांगा, शिफारस का देत नाही मला?"

सरांच्या हातातली संत्र्याची फोड तोंडापर्यंत जाऊन थांबली.

"कसली शिफारस?"

"फ्रान्सची!"

"ती होय? ती गेल्या मंगळवारीच पाठवली की. पाकीटबंद, थेट समितीला. तशीच पाठवायची असते, अर्जावर सही लागत नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं?"

"मग काल तळ्यावर जे म्हणालात..."

"ते हिनं सांगितलं म्हणून म्हणालो!" सरांनी बायकोकडे बोट केलं.

"मी धीराचं बोल म्हटलं होतं," ओस्लाउगबाई कडाडल्या. "पोरीचं अवसान काढ असं नव्हतं म्हटलं! आणि काय गं, तू मग इथं आलीस कशाला?"

"सही घ्यायला. अर्जावर."

"अर्ज कुठाय?"

इंगुननं पिशवीकडे पाहिलं. सरांनी पिशवीकडे पाहिलं. चुलीवरची कॉफी तेवढी बडबडत होती.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "समितीकडे शिफारस आहे, आणि जिची शिफारस केलीय ती बाई अर्जासकट माझ्या डोंगरावर भांडी घासतेय?"

मग काय धावपळ उडाली म्हणता! उन्हानं बर्फाचा झाला होता लगदा. स्कीला लावलेलं मेण थंडीतलं, त्यामुळं पावलापावलाला तळव्यांना बर्फाचे गोळे. पुढं इंगुन उंच टाचांच्या बुटांवर निघाल्यासारखी, मागं सर "ओल्या बर्फाला लाल मेण लावायला हवं होतं!" असं ओरडत, त्यांच्या मागं ओस्लाउगबाई "आता गप्प बस, हालवर!" असं ओरडत. त्या डोंगरानं इतकं बोलणं एका वेळी कधी ऐकलं नसेल.

फिन्सेला गाडी उभी होती आणि दारापर्यंत गच्च भरलेली होती. सगळा देश उन्हानं नाकाची सालं निघालेल्या अवस्थेत घरी परतत होता.

"जागा नाही," गार्ड म्हणाला.

"उद्या दुपारी हिचा अर्ज गेला नाही तर ब्रिटनीचं शेवाळ बुडालं!" ब्रेक्के सर ओरडले.

"शेवाळ बुडालेलंच असतं," गार्ड म्हणाला. पण त्यानं मालडब्याचं दार उघडलं.

मालडब्यात चार स्लेज, एक बाळगाडी आणि एक भलाथोरला कुत्रा होता. वॅफल कुठल्या कप्प्यात आहेत हे कुत्र्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. वॅफल संपल्यावर त्याची नजर मेणकापडावर गेली. इंगुननं पुढचा सगळा प्रवास फाइलवर बसून केला.

मंगळवारी सकाळी विद्यापीठाचं कार्यालय उघडायच्या आधीच ती दारात उभी. अर्जाच्या कोपऱ्यावर दातांचे ठसे, मधोमध लोण्याचा डाग. कारकुनानं अर्ज उलटापालटा केला. त्याच्याही नाकाची सालं निघाली होती.

"डोंगर?" त्यानं विचारलं.

"डोंगर."

त्यानं शिक्का मारला. दोघांचंही समाधान झालं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मे महिन्यात निकालाची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागली. आता त्या यादीपुढं उभं राहून आपलं नाव शोधणं म्हणजे 'आपण निवडले जाऊ' असं स्वतःला वाटतंय, हे चारचौघांत कबूल करणं! शिकलीसवरलेली मुलं फलकाजवळून जाताना अशी मान खाली घालून जायची, की जणू कुणाची नाणी सांडलीत. इंगुनही तशीच जायची. निवड झाली असती तर कुणीतरी बोललं असतं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. बापाला पत्रही लिहिलं, की उन्हाळ्यात मेंढ्यांकडे येते.

जून लागला. कॉफीच्या वेळी ब्रेक्के सर तिच्याकडे बघतच राहिले.

"तू अजून इथंच?"

"मग कुठं असायला हवं?"

"ब्रिटनीला! यादीत पहिलं नाव तुझं. तीन आठवडे झाले!"

"सर!!! सांगायचं नाही का?"

"मला वाटलं," सर ओशाळून म्हणाले, "आता तरी तू विचारशील."

इंगुन जिन्यावरून धावत सुटली आणि फलकापुढं चारचौघांत, लाज सोडून, पाय रोवून उभी राहिली. खरंच! पहिलं नाव तिचं! शुक्रवारची बोट मिळाली तर टेबल अजून तिचंच होतं. तिला वाटलं, आता नाचावं.

तेवढ्यात भूगर्भशास्त्राचा आउडुन फलकाजवळून गेला. लांब, सडसडीत, मान खाली, नजर बुटांवर. यादीतलं दुसरं नाव त्याचं होतं. जायचं होतं आइसलंडला, पण त्याचा एकूण अवतार पाहता अजून त्यानं यादी वाचली नव्हती हे उघड होतं.

इंगुननं तोंड उघडलं. आउडुन पळभर घुटमळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहायचं टाळलं, आणि म्हणाला, "हवा बरी आहे."

"बरी आहे," इंगुन म्हणाली.

तो निघून गेला. आता त्यानं काही विचारलंच नाही, तर आपणहून सांगणं बरं दिसलं असतं का?